रेणू तेलकट केला की मेंदूत पोहोचतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्षयाच्या जंतूवर चालणारा एक नवा रेणू हाताशी आहे. प्लेटवर तो जंतू उत्तम मारतो, पण उंदराच्या मेंदूत जेमतेम पोहोचतो. त्याचा लॉग-पी, म्हणजे तेलकटपणा मोजणारा आकडा, १.८. मॉर्फिनला दोन ॲसिटिल गट लावले की हेरॉइन होतं आणि ते मेंदूत झटकन शिरतं. मग तसेच मेदस्नेही गट लावून लॉग-पी ४ पर्यंत नेला, तर टीबी मेनिंजायटिससाठी, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या क्षयासाठी, औषध मिळेल का?

बहुधा नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण संसर्गावरच्या औषधांचं रसायनशास्त्र करत मला वीसहून जास्त वर्षं झाली आणि नेमकी हीच चूक मी वर्षभर केली आहे. आमच्याही रेणूत फ्लोरिन आला, मग सायक्लोप्रोपिल आला, लॉग-पी चढत गेला. मेंदू वाटून मोजलेलं औषध दसपट झालं. बैठकीत सगळे खूश. संसर्ग दिलेले उंदीर मात्र आधीच्याच वेगाने मरत राहिले. दसपट औषध आत आहे आणि जंतूला त्याचा पत्ताच नाही, हे कोडं सुटायला आम्हाला उगाच फार वेळ लागला.

उत्तर साधं होतं. सुकवलेल्या मेंदूच्या वजनात निम्म्याहून जास्त मेदच असतो. त्यात तेलकट रेणू टाकला तर तो त्या मेदात जाऊन बसतो. मेंदू वाटून, द्रावक घालून सगळं औषध बाहेर ओढलं की यंत्र मोठा आकडा दाखवतं. पण जंतूच्या एन्झाइमला भिडतं ते फक्त मोकळं औषध: मेदाला न चिकटलेलं, प्रथिनाला न बांधलेलं, पेशींभोवतीच्या पाण्यात विरघळलेलं. आमच्या बाबतीत एकूण औषध दसपट वाढलं होतं आणि मोकळं होतं तितकंच राहिलं होतं. आम्ही मेंदूत औषध पोहोचवत नव्हतो, साठवत होतो.

या विषयाची सुरुवातच अशा गैरसमजातून झाली आहे. १८८५ मध्ये पाउल एर्लिखने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. बहुतेक सगळे अवयव रंगले, मेंदू पांढराच राहिला. त्याने अर्थ लावला की मेंदूला या रंगाची ओढच नाही. पुढे १९१३ मध्ये त्याच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमनने ट्रायपॅन ब्लू थेट मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे ओढ होती, वाट नव्हती. ती वाट कुठे अडते हे १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. हाच मेंदूचा पडदा. एर्लिखने अडथळ्याला ओढ समजलं. आपण आज उलट करतो, ओढीलाच प्रवेश समजतो.

हेरॉइनचं उदाहरण तुम्ही दिलंत ते चुकीचं नाही, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ॲसिटिल गटांनी मॉर्फिनचे दोन हायड्रॉक्सिल झाकले जातात, रेणू पडद्यातून भराभर सरकतो, आणि आत गेल्यावर एन्झाइमं ते गट तोडून टाकतात. नशेला महत्त्व आहे ते काही सेकंदांत काय होतं याला. ही वेगाची गोष्ट झाली. टीबी मेनिंजायटिसचे उपचार महिनोन्महिने चालतात. तिथे औषध दहा सेकंदांत आत गेलं की दहा मिनिटांत, याने काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो आतलं मोकळं औषध आणि रक्तातलं मोकळं औषध यांचा तोल शेवटी कुठे स्थिरावतो याने. हे गुणोत्तर १ च्या आसपास असेल तर पडदा जवळजवळ नसल्यासारखाच आहे. ०.१ असेल तर कोणीतरी औषध बाहेर फेकतंय.

आणि फेकणारे आहेतच. सगळ्यात बदनाम पी-ग्लायकोप्रोटीन, पेशीच्या पडद्यातला एक पंप. केशवाहिनीच्या पेशीत शिरलेला रेणू पलीकडे पोहोचण्याआधीच ते त्याला परत रक्तात ढकलतं. त्याची ताकद कळली ती एका अपघातातून. नेदरलँड्समध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी या पंपाचं जनुक काढलेले उंदीर तयार केले होते. दिसायला अगदी धडधाकट. पिंजऱ्यांत किडे झाले म्हणून नेहमीचं आयव्हरमेक्टिन फवारलं, तर साधे उंदीर मजेत आणि हे जवळजवळ सगळे मेले. मोजल्यावर दिसलं की त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिन ऐंशीपटींहून जास्त साठलं होतं. १९९४ चं हे काम. कॉली जातीच्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन का सोसत नाही, याचंही उत्तर त्याच जनुकात निघालं. जुलाबावरचं लोपेरामाइड हा चांगला मेदस्नेही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचा रेणू, आहे, तरी नेहमीच्या मात्रेत त्याची नशा चढत नाही, कारण हाच पंप.

आता तुमच्या बेताकडे या. पी-ग्लायकोप्रोटीन आपली गिऱ्हाइकं पेशीच्या मेदाच्या पडद्यातूनच उचलतं. रेणू जितका मोठा आणि तेलकट, तितका तो त्या पडद्यात रेंगाळतो, आणि हायड्रोजन बंध करणारे दोन-तीन गट त्यात शिल्लक असले की पंपाच्या हाती आयताच लागतो. लॉग-पी १.८ वरून ४ वर नेताना तुम्ही रेणुभारही वाढवणार. शिवाय यकृतातली सायटोक्रोम एन्झाइमं तेलकट रेणूंवर तुटून पडतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं. म्हणजे पडदा येण्याआधीच तुम्ही मोकळं औषध घालवून बसलात.

याचा धडधडीत पुरावा बुरशीच्या औषधांत आहे. मला विद्यार्थ्यांना एकच जोडी दाखवायची असेल तर मी फ्लुकोनाझोल आणि इट्राकोनाझोल दाखवते. दोघंही ट्रायाझोल गटाचे, दोघांचाही निशाणा एकच एन्झाइम. इट्राकोनाझोल रेणुभार ७०५, लॉग-पी ५ च्या वर, रक्तात ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनाला बांधलेलं. पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, ते बहुतेक वेळा सापडतच नाही. फ्लुकोनाझोल रेणुभार ३०६, लॉग-पी १ च्या खाली, प्रथिनाला बांधलेलं फक्त १० ते १२ टक्के, आणि पाठीतल्या पाण्यात रक्तातल्या पातळीच्या अर्ध्याहून बरंच जास्त. तुमच्या तर्काने निकाल उलटा लागायला हवा होता. फ्लुकोनाझोल घडवणाऱ्या फायझरच्या इंग्लंडमधल्या रसायनतज्ज्ञांनी नेमकं हेच केलं: आधीच्या इमिडाझोल औषधांचा तेलकटपणा मुद्दाम उतरवला, इमिडाझोलच्या जागी ट्रायाझोल आणलं, म्हणजे यकृताच्या तावडीतूनही रेणू सुटला. लहान, पाण्याला बऱ्यापैकी राजी, भार नसलेला, पंपाला न आवडणारा. क्षयाच्या औषधांतही तेच. पायराझिनामाइड रेणुभार १२३, आयसोनियाझिड १३७. दोन्ही पाण्यात विरघळणारी आणि दोन्ही मेंदूभोवतीच्या द्रवात जवळजवळ रक्ताइतकीच पोहोचणारी. तेलकट यांच्यातलं कोणीही नाही.

इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण बुरशीवरचंच ॲम्फोटेरिसिन बी आहे ना. रेणुभार ९२४, पाठीतल्या पाण्यात जेमतेम नावाला सापडतं, आणि तरीही क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसवर सगळ्यात भरवशाचं औषध तेच. उत्तम पोहोचणारं फ्लुकोनाझोल एकटं दिलं तर त्याच्यापुढे फिकं पडतं. आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲम्बिशन चाचणीत लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेल्या) ॲम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल, हा बेत आठवडाभराच्या ॲम्फोटेरिसिनपेक्षा कमी ठरला नाही. मग पाठीतल्या पाण्याच्या आकड्याचं करायचं काय?

मला वाटतं तो आकडा जितका विश्वासाने छापला जातो तितका त्याचा अर्थ होत नाही. ते पाणी साधारण दीडशे मिलिलिटर असतं आणि दिवसाला पाचशेच्या घरात नव्याने तयार होतं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. ते पाणी तयार करणारा कोरॉइड प्लेक्सस त्यातून पेनिसिलिनसारखी आम्लं स्वतंत्र पंपाने उपसून बाहेरही काढतो. कमरेतून सुई घालून आपण घेतो तो या प्रवाहाचा खालच्या टोकाचा नमुना. बुरशी बसलेली असते मेंदूच्या आवरणांत आणि वाहिन्यांच्या आजूबाजूच्या फटींत. ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉल या मेदाला चिकटतं. उतींत मुरलेलं औषध त्या पाण्यात उतरलंच पाहिजे असं काही नाही. क्षयावरच्या रिफाम्पिसिनची गंमत याच्या उलट बाजूची. त्याची पाठीतल्या पाण्यातली पातळी रक्ताच्या फार तर १० ते २० टक्के म्हणून सगळे नाक मुरडतात. पण रक्तात त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिनाला बांधलेलं असतं आणि त्या पाण्यात प्रथिन नगण्य. मोकळ्याची मोकळ्याशी तुलना केली तर चित्र एवढं वाईट नाही. पातळी कमी पडते हे खरंच आहे, पण ज्या आकड्यावरून आपण ते म्हणतो तो आकडा चुकीचा आहे.

टीबी मेनिंजायटिसच्या बाबतीत तर गोष्ट आणखी पुढे जाते, आणि हा भाग रसायनाच्या लोकांनी न्यूरॉलॉजिस्टच्या शेजारी बसून ऐकावा असा आहे. रिच आणि मॅककॉर्डक यांनी १९३३ मध्ये दाखवलं की जंतू रक्तातून थेट आवरणांवर हल्ला करत नाही. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ आधी एक छोटी गाठ बनते आणि ती फुटून आवरणांमधल्या पोकळीत घाण सांडते. मग मेंदूच्या तळाशी जाड, चिकट साका साचतो. त्यात रक्तवाहिन्या गुंडाळल्या जातात, सुजतात, बंद होतात आणि पक्षाघात येतो. पाण्याची वाट तुंबते आणि मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. रुग्ण जातो तो बहुतेकदा या सगळ्यामुळे. म्हणून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनाममधल्या ८१७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल मला धक्कादायक वाटला तरी अनाकलनीय वाटला नाही. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला जास्त रिफाम्पिसिन आणि वर लिव्होफ्लॉक्सासिन. मृत्यू ११४ आणि ११३. त्याआधी इंडोनेशियातल्या ६० रुग्णांच्या अभ्यासात शिरेतून दिलेल्या जास्त रिफाम्पिसिनने मृत्यू घटलेले दिसले होते, त्यामुळे आशा मोठी होती. आता याच्या शेजारी व्हिएतनाममधलीच २००४ ची चाचणी ठेवा: ५४५ रुग्ण, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ वर आले. एकही जंतू न मारणाऱ्या औषधाने जीव वाचवले. (नंतर एचआयव्ही असलेल्या रुग्णांत हा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.) वर गुंता असा की दाह असतो तेव्हाच पडदा सैल होतो आणि एरवी बाहेर राहणारी औषधं आत जातात. स्टेरॉइडने दाह उतरवला की तो पडदा परत आवळत जातो. मेंदूचं भलं आणि औषधाचा प्रवेश, दोन्ही एकाच दोरीच्या दोन टोकांना.

जंतूची बाजू तुमच्या प्रश्नात नव्हती, पण रेणू बदलताना तीच पहिला टोला देते. तुमचा शत्रू क्षयाचा जंतू आहे म्हणून तुम्ही सुदैवी, कारण मायकोलिक आम्लांचं मेणचट कवच थोडा तेलकटपणा चालवून घेतं. ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर काम करणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. त्या जिवाणूंच्या बाहेरच्या भिंतीतली पोरिन या प्रथिनाची भोकं अरुंद आणि पाण्याने भरलेली. साधारण सहाशेच्या वरचा रेणुभार त्यांना चालत नाही. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की रेणूवर उघडा अमाइन (नायट्रोजनचा गट) असेल, रेणू ताठ असेल आणि गोळ्यासारखा फुगलेला नसेल, तर तो आत जाण्याची शक्यता वाढते. पण तोच उघडा अमाइन हायड्रोजन बंध देणारा गट, आणि मेंदूचा पडदा तोच गट बघून दार लावतो. जंतूचं दार आणि मेंदूचं दार एकाच किल्लीने उघडायचं, आणि दोन्ही कुलपं उलटी फिरणारी. मेंदूसाठीच्या औषधांत रेणूचा ध्रुवीय, म्हणजे पाण्याकडे ओढ असलेला, पृष्ठभाग ९० चौरस अँगस्ट्रॉमच्या खाली ठेवायचा असा आमच्यात रिवाज आहे. पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन घराणं त्यात कुठेच बसत नाही, तरी सेफ्ट्रायाक्सोन जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये रोज जीव वाचवतं. कारण मोठा डोस देता येतो, दाहात पडदा सैल असतो, आणि न्यूमोकॉकस हा जिवाणू फार थोड्या औषधाला मरतो. शेवटी भागाकारच आहे: जंतूजवळचं मोकळं औषध भागिले त्याला मारायला लागणारं औषध. छेद लहान करूनही काम होतं. मेंदूत दुप्पट पोहोचवण्यापेक्षा जंतूवरचा जोर चौपट करणं कित्येकदा सोपं पडतं, आणि हे लॉग-पीच्या नादात विसरलं जातं.

बरं, समजा तुम्ही खरंच आत पोहोचलात. आत काय आहे? मेंदू. मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचा गाबा-ए रिसेप्टर पेनिसिलिन अडवतं. प्राण्यांच्या मेंदूवर ते थेट टाकून अपस्माराचे प्रयोग केले जातात. मूत्रपिंड थकलेल्या रुग्णात सेफेपिम हे प्रतिजैविक साठलं की तो बरळायला लागतो. आयसोनियाझिड बी-६ जीवनसत्त्वाची वाट अडवतं आणि त्यातून गाबाच कमी पडतो. त्याच्या विषबाधेतले झटके पायरिडॉक्सिन दिल्याशिवाय आवरत नाहीत. त्याच्याच चुलतभावाने, इप्रोनियाझिडने, १९५० च्या दशकात क्षयाच्या रुग्णांची मनःस्थिती उंचावली आणि नैराश्यावरच्या औषधांचं एक घराणं सुरू झालं. लिनेझोलिड हे प्रतिजैविक मेंदूत छान पोहोचतं, पण जिवाणूचा रायबोसोम आणि आपल्या मायटोकॉन्ड्रियाचा रायबोसोम नात्यातले, त्यामुळे दीर्घ उपचारात डोळ्याची नस आणि हातापायांच्या नसा धोक्यात येतात. मेंदूबाहेर राहणं हा प्रत्येक प्रतिजैविकाचा दोषच असतो असं नाही.

पंपच बंद करावा का, हाही प्रश्न दरवेळी येतो. तो बंद करणारे पदार्थ आहेत. त्यातल्याच क्विनिडिनबरोबर लोपेरामाइड दिलं तेव्हा निरोगी स्वयंसेवकांचा श्वसनावरचा ताबा मंदावला, म्हणजे तत्त्व चालतं. पण पंप फक्त तुमच्या औषधासाठी उघडझाप करत नाही. रुग्ण घेत असलेलं बाकी सगळं त्याच वाटेने आत येतं. मी त्या वाटेला जाणार नाही.

तर तुमच्या रेणूचं असं करा. नवं काहीही बनवण्याआधी आहे त्याच रेणूवर तीन मोजमापं घ्या. रक्तद्रवातला मोकळा हिस्सा आणि वाटलेल्या मेंदूतला मोकळा हिस्सा, दोन्ही डायलिसिसने, म्हणजे मोकळं औषध पातळ पडद्यातून पलीकडे जाऊ देऊन. आणि पी-ग्लायकोप्रोटीन घातलेल्या पेशींच्या थरावर इफ्लक्स रेशो, म्हणजे बाहेर फेकण्याचं आत येण्याशी गुणोत्तर. उंदराचा मेंदू काढण्याआधी रक्त धुऊन काढता ना? मेंदूच्या वाहिन्यांत दोन-तीन टक्के रक्त राहतं, आणि कमी पोहोचणाऱ्या औषधाचा सगळा आकडा कधी कधी त्या रक्ताचाच असतो. मोकळ्याचं मोकळ्याशी गुणोत्तर ०.५ च्या वर आलं तर प्रवेशाला हात लावू नका, एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा, खाली आणा. ०.१ आलं आणि इफ्लक्स रेशो दहाच्या घरात असेल, तर रेणूतले एनएच, म्हणजे हायड्रोजन बंध देणारे नायट्रोजन-हायड्रोजन गट, झाका: मिथिल लावून, किंवा शेजारी फ्लोरिन अथवा पिरिडिनचा नायट्रोजन आणून तो हायड्रोजन रेणूच्या आतच गुंतवून. लॉग-पी अडीचच्या वर जाऊ न देता. आणि १.८ हा आकडा संगणकाने काढलेला आहे की ७.४ पीएचला प्रत्यक्ष मोजलेला, ते बघा, कारण रेणूत आम्ल किंवा अमाइन असेल तर या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो.